बाग देवगडला, गिऱ्हाईक पुण्याला: लहान धंद्याच्या वेबसाइटसाठी एसईओ

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदार काकांनी चांगले पैसे मोजून वेबसाइट करून घेतली होती. दिसायला देखणी. वर कलमांचा मोठा फोटो, खाली रचलेल्या पेट्या, कोपऱ्यात फोन नंबर. पण दोन हंगाम उलटले तरी तिच्यावरून एकाही नव्या गिऱ्हाइकाचा फोन आला नाही. आले ते सगळे जुन्या ओळखीतले, ज्यांच्याकडे नंबर आधीपासूनच होता. “गूगलवर यायला वेगळे पैसे भरावे लागतात म्हणे,” काका मला म्हणाले. तसं सांगणारा एक फोनही त्यांना येऊन गेला होता: महिन्याला अमुक हजार द्या, पहिल्या नंबरवर आणतो.

पडवीत बसल्या बसल्या आम्ही एकच गोष्ट करून पाहिली. गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून कोलन आणि मध्ये जागा न सोडता त्यांच्या वेबसाइटचा पत्ता. असं टाकलं की त्या वेबसाइटची जी पानं गूगलच्या दप्तरी आहेत ती समोर येतात. काकांच्या वेबसाइटचं एकही पान आलं नाही. शोधात खालच्या नंबरावर असणं वेगळं. ही साइट गूगलच्या दप्तरी नोंदलेलीच नव्हती.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. काकांची साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या तयार साधनावर केलेली होती. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाच्या विभागात एक छोटा चौकोन असतो. त्यावर टिक केली की सर्च इंजिनांना निरोप जातो, ‘ही साइट नोंदवू नका.’ साइट अर्धवट असताना तो टिक करून ठेवण्याची पद्धत आहे, कारण कच्चं काम जगाला दिसू नये. काम पुरं झालं की टिक काढायची. इथे ती काढायची राहून गेली होती. त्या एका चौकोनापायी दोन हंगाम गेले.

तेव्हापासून मी कुठल्याही लहान व्यावसायिकाला सर्वात आधी हीच तपासणी करायला सांगतो. एसईओ, म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं ही कसलीतरी गूढ विद्या आहे. तसं काही नाही. मोठ्या कंपन्यांच्या हजारो पानांच्या साइटसाठी ते काम गुंतागुंतीचं होतं, हे खरं. पण आठ-दहा पानांच्या वेबसाइटला लागणारं एसईओ कुणीही एका सुट्टीच्या दिवशी समजून घेऊ शकतो, आणि घ्यायला हवं. कारण ते न कळणाऱ्याला फसवणारे पुष्कळ आहेत.

गूगल नेमकं काय करतं

आपण गूगलवर काही शोधतो तेव्हा गूगल त्या क्षणी जगभरच्या वेबसाइट चाळत बसत नाही. ते काम आधीच झालेलं असतं. गूगलबॉट नावाचा प्रोग्राम एका पानावरून दुसऱ्या पानावर, लिंक धरून धरून सतत फिरत असतो. जे पान सापडेल ते वाचतो. वाचलेल्यातलं ठेवण्याजोगं असेल ते एका प्रचंड सूचीत नोंदवलं जातं. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर आला ते सांगणारी, तशीच ही सूची. आपण प्रश्न टाकला की गूगल त्या सूचीत पाहतं आणि जुळणारी पानं क्रमाने मांडतं. आधी शोधणं, मग नोंदवणं, मग क्रम लावणं.

या तीन पायऱ्या लक्षात ठेवल्या की निम्मा गोंधळ मिटतो. काकांचं घोडं दुसऱ्या पायरीवर अडलं होतं. तिथे नोंदच नसताना तिसऱ्या पायरीवरच्या ‘पहिल्या नंबरा’साठी पैसे भरणं म्हणजे मतदार यादीत नाव नसताना प्रचाराला निघणं.

क्रम कसा लागतो? गूगल १९९८ साली सुरू झालं ते एका साध्या पण दमदार कल्पनेवर. शोधनिबंधांच्या जगात ज्या निबंधाचा उल्लेख इतर अभ्यासक जास्त करतात तो वजनदार समजला जातो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी तोच हिशेब वेबसाइटना लावला: एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारचं मत, आणि ज्याला स्वतःला जास्त मतं आहेत त्याच्या मताला जास्त वजन. आज क्रम लावताना याच्या जोडीला इतर असंख्य गोष्टी पाहिल्या जातात: प्रश्नाचा अर्थ, पानावरचा मजकूर, विचारणारा कुठे बसला आहे, पान मोबाइलवर नीट उघडतं का. नेमकं सूत्र गूगल जाहीर करत नाही. पण एक गोष्ट गूगल स्वतः स्पष्ट सांगतं: पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. आणि साध्या निकालांत वर येण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. पैसे लागतात ते जाहिरातीला, आणि जाहिरातीवर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. जाहिरात देणं गैर नाही. हंगामात पंधरा दिवस ती कामाला येऊ शकते. पण पैसे थांबले की जाहिरात थांबते. फोनवरून ‘पहिल्या नंबरा’चा वायदा करणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

गिऱ्हाईक कोणत्या शब्दांत विचारतं

टिक काढली. आठवड्याभरात काकांची साइट नोंदली गेली. तरी ‘देवगड हापूस’ शोधल्यावर ती कुठेही दिसेना. मग मी त्यांचं मुखपृष्ठ एखाद्या परक्या माणसासारखं वाचलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘निसर्गाच्या कुशीतून, थेट तुमच्या दारी’. त्याखाली ‘आमचा वारसा’, ‘आमची बांधिलकी’. ‘आंबा’ हा शब्द मजकुरात एकदाही नव्हता! दरपत्रक होतं, पण ते डीटीपीवाल्याने केलेलं चित्र होतं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतं ते पानाचं शीर्षक होतं, नुसतं ‘होम’.

माणसाला फोटो पाहून कळतं की हे आंबेवाले आहेत. यंत्र मात्र मुख्यतः लिहिलेल्या अक्षरांवर चालतं. ‘निसर्गाच्या कुशीतून’ हे मध, गूळ, तूप, रानभाज्या, कशालाही लागू पडेल. गिऱ्हाईक ते शब्द शोधणार नाही.

मग गिऱ्हाईक काय शोधतं? हे कळायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. आम्ही काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे मागच्या दोन हंगामांतले मेसेज उघडले आणि वहीत प्रश्न उतरवत गेलो. पाच डझनच्या पेटीचा दर काय? पुण्यात घरपोच देता का? आंबा पिकलेला येतो की कच्चा? कच्चा आला तर घरी पिकवायचा कसा? हा देवगडचाच कशावरून? कार्बाइड नाही ना मारलेलं? मागच्या वेळी चार आंबे आतून पांढरे निघाले, त्याचं काय? एका दुपारी वहीची तीन पानं भरली. तीन पानं भरून गिऱ्हाइकाच्या तोंडची भाषा, आणि ती काकांच्या फोनमध्ये दोन वर्षं पडून होती.

हीच वाक्यं लोक गूगललाही विचारतात. फरक एवढाच की मराठी माणूस ती तीन तऱ्हांनी लिहितो. देवनागरीत ‘देवगड हापूस’, रोमन अक्षरांत तेच मराठी, आणि सरळ इंग्रजीत ‘अल्फान्सो मँगो ऑनलाइन पुणे’. कळफलकावर देवनागरी टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून बरेच जण रोमनमध्ये लिहितात. माइकचं बटण दाबून बोलणाराही खूप मोठा वर्ग आहे, आणि तो अख्खं वाक्य बोलतो. तेव्हा पान मराठीत लिहिलं तरी ‘देवगड हापूस’ आणि ‘अल्फान्सो’ ही नावं एकदा रोमन लिपीतही पानावर यावीत, आणि जमल्यास दर व घरपोच सेवेचं एक पान इंग्रजीतही असावं. बोरिवलीतला गुजराती शेजारीही हापूस मागवतोच की.

जोडीला गूगलच्या शोधपट्टीत ‘हापूस आंबा’ लिहून थांबा. खाली जे पर्याय उघडतात ते लोकांच्या खऱ्या शोधांवर बेतलेले असतात. गूगल ट्रेंड्सवर एखाद्या शब्दाची मागणी वर्षभरात कधी चढते ते दिसतं. दोन्ही फुकट.

मग लिहायचं कसं? काकांच्या मुखपृष्ठाचं शीर्षक आम्ही ‘होम’ काढून ‘देवगड हापूस आंबा थेट बागेतून, पुणे-मुंबई घरपोच’ असं केलं. शोधाच्या निकालात निळ्या अक्षरांत बहुतेक वेळा हेच शीर्षक दिसतं, म्हणून ते फार लांबवू नये, आणि प्रत्येक पानाचं वेगळं असावं. त्याखाली दोन ओळींचं वर्णन दिसतं. त्या वर्णनाने क्रम वाढत नाही, पण वाचून माणूस आत येतो की नाही हे त्यावरही ठरतं. दरपत्रकाचं चित्र काढून दर साध्या अक्षरांत लिहिले. फोटोंना कॅमेऱ्याने दिलेलं आकडेवजा नाव होतं, ते बदललं आणि प्रत्येक फोटोला त्यात काय आहे हे सांगणारी एक ओळ जोडली. या ओळीला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. जे दृष्टिहीन वाचक मोबाइलकडून पान वाचून घेतात, त्यांना फोटो कळतो तो या ओळीवरूनच. ती नीट लिहिण्याचं हे पहिलं कारण मला वाटतं, गूगल नंतर.

आणि वहीतल्या मोठ्या प्रश्नांना एकेक पान दिलं. सगळ्यात चांगलं उतरलं ते साक्याचं. साका म्हणजे काय हे कोकणाबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. फळ बाहेरून तजेलदार, पण कापलं की आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि चवीला आंबूस. बाहेरून पाहून तो ओळखता येत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं. काकांनी चार परिच्छेद बोलून सांगितले, मी लिहून घेतले: साका कसा दिसतो, तो बागायतदाराच्या हातात पूर्णपणे का नसतो, पेटीत असा आंबा निघाला तर फोटो पाठवा, आम्ही भरून देतो. आपल्या कापलेल्या आंब्याचे दोन फोटो लावले, एक चांगला, एक साक्याचा. हे पान कुठल्याही लेखन-एजन्सीला लिहिता आलं नसतं. शोधाचे निकाल कितपत चांगले आहेत हे तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांना गूगल जी मार्गदर्शिका देतं तिच्यात २०२२च्या डिसेंबरात ‘अनुभव’ हा निकष मुद्दाम जोडला गेला: लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का? आंब्याच्या बाबतीत काकांनी पन्नास वर्षं दुसरं काही केलेलंच नाही.

शब्द कोंबण्याचा मोह मात्र टाळायचा. ‘देवगड हापूस, ओरिजिनल देवगड हापूस, बेस्ट देवगड हापूस’ अशा माळा अजूनही दिसतात. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवलेले शब्दही मी पाहिले आहेत. पानाच्या पोटात ‘कीवर्ड्स’ची, म्हणजे शोधशब्दांची, यादी भरण्याची जुनी रीत तर कधीच मोडीत निघाली, क्रम लावताना ती यादी आपण पाहतच नाही, असं गूगलने २००९ सालीच जाहीर केलं. गूगलने क्रम लावण्याच्या पद्धतीत २०११ साली केलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलापासून पोकळ मजकुराच्या साइट मागे पडू लागल्या. तसंच एकच पान कॉपी करून ‘नाशिकमध्ये हापूस’, ‘सोलापुरात हापूस’ अशी फक्त गावाचं नाव बदललेली पन्नास पानं करू नका, ते गूगलच्या नियमांत बसत नाही. पुण्यात तुमचा माल कुठल्या वारी पोचतो, किती वाजता, कुठल्या भागात, असं खरंच काही वेगळं सांगण्यासारखं असेल तर पुण्याचं पान जरूर करा.

देवनागरीचे आपले खास घोळ

इंग्रजी साइटना न छळणारे काही त्रास आपल्या वाट्याला येतात. त्यांवर कुणी बोलत नाही म्हणून थोडं सविस्तर.

पहिला, जुन्या फॉन्टचा. आपल्याकडची बहुतेक पत्रकं, कार्डं, दरपत्रकं छपाईच्या सोयीच्या जुन्या फॉन्टांमध्ये झालेली आहेत. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, केवळ वरचा मुखवटा मराठी. असा मजकूर डीटीपीच्या फाइलमधून उचलून वेबसाइटवर टाकला की यंत्राला तिथे अर्थहीन अक्षरांची रास दिसते, आणि तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर माणसालाही तेच दिसतं. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. ओळखायची युक्ती सोपी आहे: पानावरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी जशीच्या तशी उमटली तर युनिकोड. कचरा उमटला, किंवा ओळ कॉपीच झाली नाही कारण ते चित्र आहे, तर मजकूर पुन्हा टाइप करा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं चुकतात. एकदा डोळ्याखालून घालाच.

दुसरा घोळ ‘कैऱ्या’तल्या आडव्या र-चा. हा अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्याला शब्द एकच, साठवणीत दोन. तुमच्याच साइटवरच्या शोधपेटीत एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला की ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येऊ शकतं. उपाय एकच, सगळा मजकूर एकाच कळफलकावर टाइप करायचा.

तिसरा, पानाच्या पत्त्याचा. पत्त्यात देवनागरी चालते. पण तो पत्ता कॉपी करून कुणाला पाठवला की बऱ्याच वेळा त्याची टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली हातभर लांब माळ होते. तशी लिंक पाहून लोकांना ती फसवी वाटते आणि ते उघडत नाहीत. म्हणून पानाचा मजकूर मराठीत, पण पत्ता छोट्या, वाचता येणाऱ्या रोमन अक्षरांत ठेवावा, असं माझं मत आहे.

नकाशावरचं दुकान

तुमचं सलून, गॅरेज, खानावळ, दवाखाना असेल, म्हणजे गिऱ्हाईक तुमच्या दाराशी येत असेल, तर वेबसाइटच्याही आधी गूगल बिझनेस प्रोफाइल करा. फुकट आहे. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणत, २०२१च्या नोव्हेंबरात नाव बदललं. ‘जवळची खानावळ’ असं शोधल्यावर नकाशासोबत जी नावं येतात ती यातून येतात. तिथला क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो असं गूगल सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमचं नाव किती जाणतं आहे. अंतर आपल्या हातात नाही. बाकी दोन बऱ्यापैकी आहेत. व्यवसायाचा प्रकार अचूक निवडायचा, वेळा खऱ्या लिहायच्या, गणपतीत दुकान बंद असेल तर तसं आधी टाकायचं. नाव, पत्ता, फोन सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखे ठेवायचे. फेसबुकवर जुना नंबर आणि पाटीवर नवा, असं नको.

काकांसाठी नकाशाचा उपयोग मर्यादित आहे, कारण पुण्यात बसलेल्याला नकाशा पुण्यातली दुकानं दाखवणार. म्हणून काही जण पुण्यातल्या मेहुण्याचा पत्ता टाकून खोटं ठिकाण उभं करतात. करू नका. उघडकीस आलं तर प्रोफाइल बंद होतं आणि त्यासोबत जमलेले अभिप्रायही जातात. पण मे महिन्यात कुणकेश्वरला, विजयदुर्गाला येणारे पर्यटक जाता जाता बागेतून पेटी नेतात, त्यांच्यासाठी बागेचं ठिकाण नकाशावर हवंच. आमच्या इथे पहिल्यांदा पिन चुकून शेजारच्या वाडीत पडली होती. आपली पिन स्वतः गाडीने जाऊन तपासा.

अभिप्राय मागायला लाजू नये. पेटी पोचल्यावर दोन दिवसांनी लिंकसकट एक साधा मेसेज पुरतो. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात सवलत द्यायची नाही, विकत तर मुळीच घ्यायचे नाहीत, आणि वाईट अभिप्रायाला शांतपणे उत्तर द्यायचं. ते उत्तर त्या माणसापेक्षा पुढचे शंभर जण वाचणार असतात.

याच प्रोफाइलमधून पूर्वी एक फुकटची छोटी वेबसाइटही मिळायची. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. कुणाच्या कार्डावर किंवा टेम्पोवर अजून तो पत्ता असेल तर बदलून घ्या.

वेग, लिंका आणि मोजणी

वेगाबद्दल फार लिहीत नाही. २०२३ पासून गूगल नोंद करताना साइटचं मोबाइलवरचं रूपच धरतं, तेव्हा संगणकावर कशी दिसते यावर भाळू नका. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची अपेक्षा. लहान साइटचा वेग जातो तो नव्वद टक्के वेळा मोबाइलवरून थेट चढवलेल्या अवजड फोटोंमुळे, असा माझा अनुभव आहे. फोटो लहान करून चढवा, पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनावर पत्ता टाकून पाहा, झालं. ब्राउझर पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ असं दाखवत असेल तर होस्टिंगवाल्याला, म्हणजे तुमची साइट ज्याच्या सर्व्हरवर ठेवली आहे त्याला, सांगा. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र आता फुकट मिळतं.

लिंकांचं मात्र खरं महत्त्व आहे, आणि तिथेच सर्वात जास्त फसवणूक चालते. ‘पाच हजारात पाचशे लिंका’ विकणाऱ्यांपासून दूर राहा. २०१२च्या ‘पेंग्विन’ बदलात अशा विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइटना जोरदार फटका बसला होता. तुमच्या लिंका तुमच्या खऱ्या नात्यांतून यायला हव्यात. काकांच्या गावातल्या होमस्टेच्या साइटवर ‘आंबे इथून घ्या’ म्हणून एक ओळ. तालुक्याच्या उत्पादक संस्थेच्या यादीत नाव. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने बागेवर लिहिलं तर त्यांना साइटचा पत्ता छापायची विनंती. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे त्यात येतात. त्या मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तो क्रमांक साइटवर ठळक लिहा. ‘हा खरा कोकणचा हापूस कशावरून?’ असं विचारणाऱ्याला ते भक्कम उत्तर आहे.

आता मोजणी. गूगल सर्च कन्सोल हे फुकटचं साधन प्रत्येक व्यावसायिकाने स्वतःच्या ईमेलवर जोडून घ्यावं. स्वतःच्या म्हणजे स्वतःच्याच. साइट करणाऱ्याच्या ईमेलवर सगळं असलं आणि तो माणूस उद्या भेटेनासा झाला की हातात काही उरत नाही. डोमेन नावाचं, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या नोंदणीचंही तेच. सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे तुमच्या सगळ्या पानांची यादी, गूगलला देता येते. वर्डप्रेस २०२० पासून ती आपोआप तयार करतं. एखादं पान नोंदलं गेलंय का हे तिथे कळतं, आणि नसेल तर नोंदणीची विनंती करता येते.

पण खरी गंमत तिथल्या शोधशब्दांच्या तक्त्यात आहे. लोकांनी काय शोधल्यावर तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, कितींनी उघडलं. एखाद्या शब्दावर पान पुष्कळदा दिसतंय पण कुणी उघडत नाही, तर शीर्षक आणि वर्णन बदला. ज्या शब्दावर तुम्ही गूगलच्या निकालांच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी घुटमळताय, त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पानावर अर्धवट आहे का ते पाहा. काकांच्या तक्त्यात ‘आंबा पेटीत कसा ठेवावा’ असा शोध दिसला. त्यावर आमचं पानच नव्हतं, साक्याच्या पानातली एक ओळ तिथे पोचली होती. दुसऱ्या दिवशी वेगळं पान झालं. या तक्त्यात सोळा महिन्यांची माहिती राहते. आंब्यासारख्या वर्षातून एकदा येणाऱ्या धंद्याला ते बरं पडतं, या एप्रिलची तुलना गेल्या एप्रिलशी करता येते.

हल्ली शोधाच्या वरच एआयने लिहिलेलं उत्तर येतं. भारतात ते ऑगस्ट २०२४ पासून दिसू लागलं. ‘आंबा घरी कसा पिकवायचा’ याचं उत्तर वाचून काही लोक तिथूनच परत फिरणार, हे मान्य करायला हवं. पण ते उत्तरही कुणाच्यातरी पानावरून घेतलेलं असतं आणि शेजारी त्या पानांच्या लिंका असतात. त्यासाठी वेगळी विद्या विकणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. आणि पेटीचा दर, पाठवायची तारीख, साका निघाला तर भरपाई, हे सांगायला शेवटी बागायतदारच लागतो.

राहता राहिला वेळ. केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच्याच मार्गदर्शिकेत आहे. आंबेवाल्याने याचा हिशेब उलटा मांडावा. पहिल्या पेट्या मार्चमध्ये निघत असतील तर पानं दिवाळीच्या सुमारास तयार हवीत, मोहोर येण्याच्या आसपास. मार्चच्या शेवटी जागे होऊन केलेलं पान पावसाळ्यात वर येईल. आणि दरवर्षी ‘हापूस दर’ असं नवं पान करून जुनं पुसू नका. पत्ता तोच ठेवा, त्यात साल नको, आतले दर आणि तारीख तेवढी बदला. म्हणजे गेल्या वर्षी त्या पानाला मिळालेल्या लिंका आणि ओळख या वर्षीही त्याच्याच खात्यावर राहते.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की काका पूर्वी सांगायचे, “साइट बंद करून टाक, आता माल नाही.” गेल्या जूनमध्ये त्यांनी दरांच्या पानावर वरती स्वतःच एक ओळ टाइप केली: ‘यंदाचा हंगाम संपला. पुढच्या वर्षीच्या पहिल्या पेटीसाठी नाव आणि नंबर खाली लिहून ठेवा, फळ तयार झालं की आम्ही फोन करू.’